टळलेल्या वादळाचा हिशेब

चक्रीवादळाची बातमी आपल्याकडे एका ठरावीक क्रमाने वाचली जाते. अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र निर्माण झाल्याचे वृत्त प्रथम आतल्या पानावर येते. मग त्या क्षेत्राचे वादळात रूपांतर होते, त्याला नाव मिळते, नकाशावर त्याचा संभाव्य मार्ग रेखाटला जातो आणि बातमी पहिल्या पानावर सरकते. दोन-तीन दिवस किनाऱ्यावरच्या गावांची नावे साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी असतात. अखेर वादळ ओमानकडे वा गुजरातकडे वळल्याचे कळते, ‘संकट टळले’ असा मथळा येतो आणि वाचक निर्धास्त मनाने पान उलटतो. ते कोणापुरते टळले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

‘टळले’ या शब्दाचा येथे अर्थ एवढाच असतो की, वादळाचा केंद्रबिंदू आपल्या भूमीवर आला नाही. परंतु केंद्रबिंदू म्हणजे सारे वादळ नव्हे. केंद्रालगतच्या विध्वंसक वाऱ्यांचा घेर मर्यादित असला, तरी वादळाने ढवळलेल्या हवेचा आणि पाण्याचा विस्तार शेकडो किलोमीटरचा असतो. अमेरिकेत ज्याला हरिकेन म्हणतात, जपानकडे टायफून म्हणतात, तेच आपले चक्रीवादळ. आणि हा नियम तिन्हींना सारखाच लागू आहे. गेल्या काही वर्षांत कोकणच्या किनाऱ्याला स्पर्शही न करता दूरवरून निघून गेलेल्या वादळांनी येथील उभे-आडवे भात कुजविले आहे, होड्या बंदरात अडकवून ठेवल्या आहेत आणि प्रसंगी माणसेही हिरावून नेली आहेत. त्या साऱ्याचा हिशेब मांडू लागले की, ‘टळले’ हा शब्द आपण किती सैलपणे वापरतो, ते ध्यानात येते.

लक्ष्मीपूजनाचे उधाण

२०१९ च्या ऑक्टोबरमधील ‘क्यार’ हे याचे सर्वांत बोलके उदाहरण होय. २४ ऑक्टोबर रोजी विधानसभा निवडणुकीची मतमोजणी होती. सारे राज्य निकालात गुंतले असताना त्याच दिवशी अरबी समुद्रातील कमी दाबाचे क्षेत्र तीव्र झाले आणि दुसऱ्या दिवशी, रत्नागिरीपासून सुमारे २०० किलोमीटर अंतरावर, त्याचे चक्रीवादळ झाले. म्यानमारने सुचविलेल्या या नावाचा अर्थ वाघ असा आहे. हा वाघ किनाऱ्याकडे न येता पश्चिमेस वळला आणि खोल समुद्रात जाऊन बळावला. २७ ऑक्टोबरला त्याचे महाचक्रीवादळ झाले. २००७ च्या ‘गोनू’नंतर अरबी समुद्राने पाहिलेले हे पहिलेच महाचक्रीवादळ; त्याच्या वाऱ्यांचा वेग ताशी सुमारे २४० किलोमीटरपर्यंत पोहोचला होता. पुढे ते कोणत्याही देशाच्या किनाऱ्यावर न आदळता समुद्रातच विरून गेले. मथळ्यांच्या भाषेत, ते टळले.

त्या वर्षी २७ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन होते. लक्ष्मीपूजन म्हणजे आश्विनातील अमावास्या, आणि अमावास्या म्हणजे समुद्राचे उधाण, हे किनाऱ्यावरच्या पोरासही ठाऊक असते. भरतीची पातळी आधीच चढलेली असताना तिच्यावर ‘क्यार’ने पाठविलेल्या लाटा स्वार झाल्या. त्या दिवसांत सिंधुदुर्गातील किनारी वस्त्यांत समुद्राचे पाणी शिरले आणि मच्छीमारांना होड्या व जाळी वर ओढून घेण्यासाठी धावपळ करावी लागली. हेच वादळ अष्टमीच्या सुमारास आले असते, तर त्याच लाटा कदाचित पुळणीवरच अडल्या असत्या. म्हणजे वादळ किती अंतरावर आहे, एवढ्यावर किनाऱ्याचे भवितव्य ठरत नाही. त्या दिवशी तिथी कोणती, यावरही ते ठरते.

भाताची कथा याहून करुण. कोकणात हळवे भात आधी पिकते, मग निमगरवे आणि शेवटी गरवे. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात यांपैकी काही भात उभे असते, काही कापून वाळण्यासाठी शेतातच पसरलेले असते, तर काही मळणीच्या प्रतीक्षेत असते. अशा वेळी आलेला पाऊस आषाढातील पावसाहून घातक ठरतो. उभे पीक आडवे होते, कापलेल्या लोंब्यांना शेतातच कोंब फुटतात आणि पेंढा काळा पडून गुरांच्याही तोंडचा घास जातो. ‘क्यार’ सरते न सरते तोच ३० ऑक्टोबरला ‘महा’ नावाचे दुसरे चक्रीवादळ उद्भवले. दोन वादळे एकाच वेळी अरबी समुद्रात वावरत होती आणि दोहोंपैकी एकही कोकणात आले नाही. तरी दिवाळीत जो दाणा घरात यावयाचा, तो अनेकांच्या घरात आला नाही.

१२ नोव्हेंबरला राज्यात राष्ट्रपती राजवट लागू झाली आणि १६ नोव्हेंबरला राज्यपालांनी अवेळी पावसाच्या नुकसानीपोटी मदत जाहीर केली. खरिपाच्या पिकांसाठी हेक्टरी ८,००० रुपये, फळबागांसाठी हेक्टरी १८,००० रुपये, आणि तीही दोन हेक्टरांच्या मर्यादेत. कोकणातील शेती मात्र हेक्टरांत मोजली जात नाही, ती गुंठ्यांत मोजली जाते. हेक्टरी ८,००० म्हणजे गुंठ्याला ८० रुपये. ज्याच्या वाट्याला वीस गुंठ्यांची खाचरे आली आहेत, त्याला मिळावयाचे १,६०० रुपये. मच्छीमारांसाठीचे खास साहाय्य तर त्यानंतरच्या वर्षी, २०२० मध्ये जाहीर झाले. शासनाने या वादळांची दखल घेतली नाही असे म्हणता येणार नाही; परंतु न आदळलेल्या वादळाचे नुकसान मोजण्यासाठी आपल्यापाशी नीट मापच नाही, हे त्या आकड्यांवरून दिसते.

दुरून येणारा वारा, जवळ पडणारा पाऊस

दूरच्या वादळाचा आपल्या हवेशी संबंध कसा जडतो, हे समजून घेणे अवघड नाही. शालेय भूगोलात आपण सर्वजण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो आहोत: दिवसा समुद्राकडून जमिनीकडे आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे. पावसाळा वगळता किनाऱ्यावरचे जीवन या नित्यक्रमावर चालते. वादळ समुद्रातून जाऊ लागले की प्रथम हा नित्यक्रम मोडतो.

उत्तर गोलार्धात वारे कमी दाबाच्या केंद्राभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. साहजिकच वादळ आपल्या नैर्ऋत्येस असेल, तर किनाऱ्यावर वारा साधारणतः आग्नेयेकडून येतो. ते पश्चिमेस आले की वारा दक्षिणेचा होतो आणि वायव्येस सरकले की नैर्ऋत्येचा. बाइज बॅलट या डच शास्त्रज्ञाने १८५७ मध्ये हा नियम सोप्या शब्दांत मांडला. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले, तर कमी दाबाचे केंद्र डाव्या हाताला असते. मालवणच्या वा मुरुडच्या शाळेतील मुलाला कोणत्याही यंत्रावाचून, केवळ मैदानात उभे राहून, दिसत नसलेले वादळ कोणत्या दिशेस आहे हे दाखविता येईल. भूगोलाच्या तासाला याहून चांगले प्रात्यक्षिक क्वचितच सापडेल.

आकाशही आपल्या परीने सूचना देत असते. वादळाच्या माथ्यावरून बाहेर फेकले गेलेले पांढरे तंतुमेघ फार उंचावरून पसरत येतात. सूर्याला किंवा चंद्राला खळे पडते. हवा कोंदते आणि उकाडा वाढतो. ज्याचे भात शेतातल्या खळ्यावर पडले आहे, त्याने आकाशातल्या खळ्याकडेही लक्ष ठेवावे, असा हा काळ असतो. त्यानंतर येणारा पाऊस सलग नसतो. वादळाचे ढग केंद्राभोवती वळसे घेत पट्ट्यापट्ट्यांनी पसरलेले असतात. एक पट्टा डोक्यावरून गेला की ऊन पडते, लोक सुपे-चादरी घेऊन भात वाळवावयास बाहेर पडतात आणि तासाभरात दुसरा पट्टा येऊन सारे भिजवून जातो. दमट वारा सह्याद्रीला थडकून वर चढला की पावसाचा जोर वाढतो. म्हणूनच वादळ शेकडो किलोमीटर समुद्रात असूनही घाटाच्या पायथ्याची गावे झोडपली जातात.

खरा फसवा प्रकार लाटांचा आहे. स्थानिक वाऱ्याने उठणाऱ्या लाटा आखूड असतात आणि वारा पडला की त्याही पडतात. दूरच्या वादळाने उठविलेल्या लाटा लांब असतात. एका लाटेमागून दुसरी येण्यास बारा ते अठरा सेकंद लागू शकतात. खोल समुद्रात लाट जितकी लांब, तितकी वेगवान. चौदा सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या लाटांचा समूह एका दिवसात ९०० किलोमीटरांहून अधिक वाट कापतो. वादळ स्वतः मात्र बहुधा याच्या निम्म्याहूनही कमी गतीने सरकत असते. अर्थात लाटा पुढे येतात, वादळ मागे राहते किंवा दुसरीकडेच निघून जाते. किनाऱ्यावर ऊन पडलेले असते, वारा मंद असतो, समुद्र दोन-चार मिनिटे शांत भासतो. आणि मग एकामागून एक अशा मोठ्या लाटा उठतात की पुळणीवर उभ्या असलेल्या माणसाला मागे सरावयासही अवसर मिळत नाही. दक्षिणेकडील महासागरातून अशाच दुरून येणाऱ्या लाटांनी केरळच्या किनाऱ्यावर अवचित पाणी चढते, त्याला तेथील मच्छीमारांनी ‘कळ्ळक्कडल’, म्हणजे चोरपावलांनी येणारा समुद्र, असे नाव दिले आहे. आज शास्त्रज्ञही तोच शब्द वापरतात.

अंतराने झालेली फसगत

या फसवेपणाची किंमत माणसांनी मोजलेली आहे. २०२३ च्या जूनमध्ये ‘बिपरजॉय’ हे वादळ मुंबईच्या पश्चिमेस शेकडो किलोमीटर अंतरावरून उत्तरेकडे सरकत होते. १५ जूनला ते कच्छमध्ये जखाऊजवळ किनाऱ्यावर आले. त्याच्या तीन दिवस आधी, १२ जूनला, जुहूच्या समुद्रात चार मुलगे बुडून मरण पावले. मुंबईच्या दृष्टीने ते वादळ दूरचे होते. त्या चार घरांच्या दृष्टीने नव्हते.

हे केवळ आपल्याच किनाऱ्यावर घडते असेही नाही. २००९ च्या ऑगस्टमध्ये ‘बिल’ हे हरिकेन अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला न शिवता समुद्रातून उत्तरेस गेले. मेन राज्यातील अकेडिया राष्ट्रीय उद्यानाच्या खडकांवर उंच लाटा पाहावयास लोक जमले होते. एका लाटेने त्यांतील काहींना ओढून नेले आणि त्यात सात वर्षांची एक मुलगी दगावली. धोक्याचे इशारे, साधने, शिक्षण यांपैकी कशाची तेथे वाण नव्हती. वादळ दूर आहे या समजुतीनेच लोक समुद्राच्या जवळ गेले.

२०२१ च्या मे महिन्यातील ‘तौक्ते’ आठवावे. १७ मे रोजी ते मुंबईपासून सुमारे दीडशे किलोमीटर समुद्रातून गेले आणि रात्री सौराष्ट्रात जमिनीवर आले. कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी ११४ किलोमीटरपर्यंत गेला. सांताक्रूझला चोवीस तासांत २३० मिलिमीटर पाऊस पडला. तोही मे महिन्यात. मुंबई हाय परिसरात ‘पी-३०५’ हा कामगारांचा तराफा बुडाला आणि त्यावरील ७० हून अधिक जणांना जलसमाधी मिळाली. ते कामगार किनाऱ्यावर नव्हते. ‘वादळ किनाऱ्यापासून दूर आहे’ या वाक्यातील ‘दूर’ हीच त्यांची कामाची जागा होती. खोल समुद्रातील मच्छीमाराचीही तीच स्थिती असते.

या हिशेबात एक जमेची बाजूही आहे. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर कन्याकुमारीनजीक उठलेल्या ‘ओखी’ने केरळ आणि तमिळनाडूच्या मच्छीमारांवर मोठा घाला घातला. त्याच धामधुमीत २ डिसेंबरपर्यंत तेथील ६८ नौका ९५२ मच्छीमारांसह देवगडच्या बंदरात सुखरूप पोहोचल्या. वादळ पुढे उत्तरेकडे सरकले. ५ डिसेंबरला मुंबईसह किनारी जिल्ह्यांतील शाळांना सुट्टी द्यावी लागली, आणि महापरिनिर्वाण दिनासाठी दादरच्या शिवाजी पार्कवर आलेल्या हजारो अनुयायांची सोय महापालिकेच्या शाळांतून करण्यात आली. त्याच रात्री ते वादळ क्षीण होऊन सुरतजवळ विरले. डिसेंबरातील त्या पावसाळी हवेने आंब्याच्या मोहोराला तुडतुडे आणि भुरी यांची धास्ती दिली, ती वेगळीच. देवगडने परमुलुखातील साडेनऊशे माणसांना आसरा दिला, ही घटना मात्र आपण पाठ्यपुस्तकात घालावी इतक्या मोलाची आहे.

जुना बावटा काय सांगे

दूरच्या वादळाचे महत्त्व जुन्या दर्यावर्दी शहाणपणाला चांगले उमगले होते. १८६४ च्या भीषण वादळानंतर, १८६५ मध्ये कलकत्ता बंदरासाठी धोक्याच्या सूचनांची व्यवस्था सुरू झाली. पश्चिम किनाऱ्यावर ती १८८० मध्ये आली आणि तिच्यात मुंबईबरोबर रत्नागिरी आणि वेंगुर्ले ही बंदरेही होती. बंदरावर चढविल्या जाणाऱ्या बावट्यांच्या क्रमात पहिले दोन क्रमांक मुळी दूरच्या वादळासाठीच राखून ठेवलेले आहेत. एक क्रमांक म्हणजे दूर समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र आहे. दोन क्रमांक म्हणजे दूर समुद्रात वादळ आहे, बंदर सोडणाऱ्या गलबतांना ते गाठू शकेल. बंदराला स्वतःला धोका असल्याची सूचना त्यापुढे, तीन क्रमांकापासून सुरू होते. वादळ येणार की टळणार, असा दोनच पर्यायांचा विचार त्या जुन्या व्यवस्थेने केला नाही. ‘येथे येणार नाही, तरी जपून असा’ हे सांगण्यासाठी तिच्यापाशी स्वतंत्र खूण होती.

आजची साधने अर्थातच कितीतरी पुढे गेली आहेत. हवामान खाते वादळाचा मार्ग कित्येक दिवस आधी वर्तविते. हैदराबादची ‘इन्कॉईस’ ही संस्था समुद्रातील लाटांची उंची आणि दुरून येणाऱ्या लाटांचे इशारे प्रसृत करते. या ज्ञानाची गरज वाढतच जाणार, हेही स्पष्ट आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. एकट्या २०१९ मध्येच या समुद्राने पाच चक्रीवादळे पाहिली. त्यांपैकी एकही महाराष्ट्राच्या भूमीवर आले नाही. म्हणजे येत्या काळात आपल्या वाट्याला ‘निसर्ग’सारखी थेट आदळणारी वादळे येतील, तशी ‘क्यार’सारखी दुरून जाणारीही येतील, आणि त्यांची संख्या अधिक असण्याचाच संभव आहे.

हिशेबाचे नवे माप

तेव्हा काही गोष्टी व्हावयास हव्यात. पहिली, इशारा अंतराच्या भाषेत न देता परिणामांच्या भाषेत दिला जावा. ‘वादळ ५०० किलोमीटरवर आहे’ हे ऐकून शेतकरी काय करणार? ‘पुढील दोन दिवस कापणी करू नका, कापलेले भात घरात घ्या’ हे त्याला उपयोगी पडते. हवामान खात्याने या दिशेने पावले टाकली आहेत. ती गावातील फळ्यापर्यंत पोहोचली पाहिजेत. दुसरी, तिथी आणि लाट यांची सांगड घालावी. पंचांगावरून उधाणाचे दिवस वर्षभर आधी ठाऊक असतात, आणि दुरून येणाऱ्या लाटांचा अंदाज तीन-चार दिवस आधी कळू शकतो. हे दोन्ही ज्या दिवशी एकत्र येतात, त्या दिवसाची सूचना किनाऱ्यावरील प्रत्येक ग्रामपंचायतीच्या व शाळेच्या फळ्यावर मराठीत लागावी. यास पैसा लागत नाही, खडू लागतो.

तिसरी गोष्ट नुकसानीच्या मोजमापाची. मच्छीमाराची होडी फुटली वा जाळे फाटले, तर मदतीच्या नियमांत त्याला जागा आहे. परंतु इशाऱ्याचा मान राखून तो आठ दिवस समुद्रात गेलाच नाही, तर त्या बुडालेल्या रोजीला जागा नाही. आज्ञा पाळणाऱ्याच्या पदरी काही पडत नाही, मग पुढच्या वेळी तो ती पाळील या भरवशावर कोणी राहावे? भाताचेही तसेच. २०१९ मध्ये लागू असलेल्या पीकविमा योजनेत, कापणीनंतर चौदा दिवसांपर्यंत शेतात वाळत असलेल्या पिकास संरक्षण होते. मात्र नुकसानीची खबर ७२ तासांत देण्याची अट होती. त्या वर्षी ते ७२ तास दिवाळीच्या सुट्टीत आले. कचेरी बंद, बँक बंद आणि शेतात भाताला कोंब फुटत आहेत, अशी ती अवस्था. नियम करणाराचा हेतू वाईट नव्हता. परंतु कोकणात भात कापण्याचा हंगाम आणि दिवाळी हातात हात घालून येतात, याचा विचार नियमात नव्हता.

या कामात शिक्षक आणि कारकून यांचा वाटा मंत्र्यांहून कमी नाही. मुलांना वाऱ्याकडे पाठ करून उभे करणारा शिक्षक, फळ्यावर उधाणाची तारीख लिहिणारा ग्रामसेवक, आणि ‘वादळ तर आलेच नाही’ असे न म्हणता पंचनाम्याचा कागद पुढे ओढणारा तलाठी, या तिघांच्या हाती किनाऱ्यावरच्या पुष्कळ घरांचे बरेवाईट असते. वादळ कोठे आदळले, हे उपग्रहाच्या चित्रावरून साऱ्या जगाला कळते. ते कोणाच्या खाचरात आणि कोणाच्या होडीपर्यंत पोहोचले, हे मात्र गावातल्या माणसालाच पाहावे लागते. आणि त्याने ते लिहून ठेवल्यावाचून ‘टळले’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही.